राजीनामा देऊन लेखन की नोकरी सांभाळून?

घरच्यांचा विरोध असला तरी लिहायचं ठरलंय. मग पूर्णवेळ उतरायचं, की नोकरी ठेवून पहाटेचे दोन तास काढायचे?

पूर्णवेळात सलगता मिळते. कादंबरीत काल कुठे थांबलो हे पकडण्यातच अर्धा तास जातो. सहा तासांच्या बैठकीत तो परवडतो, दोन तासांत फार बोचतो. पण त्यासाठी किमान १२ महिन्यांचा घरखर्च, विम्याचे हप्ते आणि आजारपणाची रक्कम वेगळी ठेवलेली हवी. एवढी तयारी नसेल तर काही महिन्यांतच मिळेल ते काम घ्यावं लागतं आणि कादंबरी बाजूला पडते. त्यातून घरच्यांकडेच हात पसरावा लागला, तर त्यांची भीती खरी ठरते आणि पुढचं बोलणंच खुंटतं.

नोकरीसोबत रोज ३०० शब्द, आठवड्याला पाच दिवस, वर्षातले ५० आठवडे: ७५,००० शब्दांचा पहिला खर्डा. रात्रीचा वेळ निवडू नका, थकवा आधी लेखनावरच निघतो. उठताना वाक्य मुद्दाम अर्धवट सोडा आणि पुढचा प्रसंग दोन ओळींत टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो अर्धा तास वाचतो.

आमचं मत स्पष्ट आहे: पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत राजीनामा देऊ नये. नंतर द्यायचाच असेल, तर घरी तीन गोष्टी कागदावर लिहून दाखवा: शिल्लक, महिन्याचा खर्च आणि पुन्हा नोकरी शोधायची तारीख. स्वप्नावरचा वाद मिटत नाही, तारखेवर मात्र बोलता येतं.