नऊ आठवड्यांसाठी आणलेला हॉकीपटू: खर्च आणि मोल

नाशिकमधील आमच्या लहानशा हॉकी क्लबाने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे नऊ आठवड्यांसाठी, बाहेरगावच्या एका अनुभवी खेळाडूला करारावर आणले होते. तो एका सरकारी खात्याच्या संघातून अनेक वर्षे खेळलेला, पेनल्टी कॉर्नरवर (बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या गोलच्या संधीवर) गोल करण्यासाठी ओळखला जाणारा आणि आता तिशी ओलांडलेला खेळाडू आहे. करारानुसार त्याच्याकडे दोन कामे होती: आठवड्यातून सहा दिवस सकाळी मुलामुलींचा सराव घेणे आणि डिसेंबरअखेरच्या स्थानिक स्पर्धेत बाहेरचा खेळाडू म्हणून आमच्या संघातून उतरणे. मी क्लबाच्या कार्यकारिणीत आहे, करारनाम्याचा मसुदा मीच लिहिला होता आणि माझी मुलगी याच क्लबात गोलरक्षक म्हणून खेळते, हे वाचकाला आधीच ठाऊक असलेले बरे. असा करार करण्याच्या विचारात असलेल्या क्लबांना आणि शाळांना उपयोग व्हावा म्हणून हा आढावा सविस्तर लिहीत आहे.

आधी खर्च सांगतो, कारण आमच्याकडील सगळा वाद तेथूनच सुरू झाला. मानधन ९०,००० रुपये ठरले आणि ते तीन हप्त्यांत द्यायचे होते. इंदिरानगरमधील खोलीचे भाडे १५,००० रुपये आणि खानावळीचे १०,००० रुपये धरून एकूण खर्च १,१५,००० रुपये झाला. पालकांची वर्गणी आणि दोन-तीन जुन्या खेळाडूंच्या देणग्या यांवर चालणाऱ्या क्लबासाठी ही वर्षाच्या जमेच्या निम्म्याहून मोठी रक्कम आहे. करारानुसार सरावाची ५४ सत्रे व्हायला हवी होती, प्रत्यक्षात ४५ झाली. त्यामुळे एका सत्राची किंमत सुमारे २,१३० रुपयांवरून २,५५६ रुपयांवर गेली. नियमित येणाऱ्या २८ मुलामुलींत ती वाटली, तर प्रत्येकामागे एका सकाळचे ९१ रुपये पडतात.

आमच्या खजिनदारांनी मात्र हिशेब वेगळा मांडला. या खेळाडूने स्पर्धेतील चार सामन्यांत तीन गोल केले आणि संघ उपांत्य फेरीत हरला. म्हणजे एक गोल अडतीस हजारांना पडला. त्याच पैशांत गोलरक्षकाचा पूर्ण संच आणि बऱ्याच चांगल्या स्टिक आल्या असत्या आणि त्या चार-पाच वर्षे टिकल्या असत्या, असे त्यांचे म्हणणे आहे. ते मन लावून क्लबाचा एकेक रुपया जपतात, त्यामुळे त्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. तरीही या करारातील मोलाची गोष्ट गोलांच्या संख्येत दिसत नाही, असे मला ठामपणे वाटते.

थोड्या काळासाठी खेळाडू घेणे ही हॉकीत नवी गोष्ट नाही. खडकीच्या मैदानावर वाढलेले धनराज पिल्ले लंडनच्या इंडियन जिमखान्यापासून फ्रान्समधील लिआँ, जर्मनीतील स्टुटगार्ट किकर्स आणि ढाक्याच्या अबाहनी क्लबापर्यंत अनेक ठिकाणी खेळले. सात वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झालेल्या हॉकी इंडिया लीगमध्ये तर सगळी रचनाच अल्प मुदतीची आहे. ऑक्टोबर २०२४ मधील लिलावात सूरमा संघाने हरमनप्रीत सिंगसाठी ७८ लाख रुपये मोजले. पुरुषांचा तो हंगाम २८ डिसेंबर २०२४ ते १ फेब्रुवारी २०२५ असा ३६ दिवस चालला, म्हणजे बोलीची रक्कम दिवसांवर वाटली तर दिवसाला सुमारे २ लाख १७ हजार रुपये होतात. विजेतेपद मात्र श्राची राढ बंगाल टायगर्सने मिळवले. राउरकेल्यातील अंतिम सामन्यात त्यांनी हैदराबाद तूफान्सला ४-३ असे हरवले आणि त्यात जुगराज सिंगने तीन गोल केले. जुगराजवरची बोली ४८ लाखांची होती. त्या पातळीवर पैसा गोलासाठी आणि विजयासाठीच मोजला जातो आणि ते योग्यही आहे, कारण पुढच्या हंगामाला पुन्हा पैसे ओतण्याची मालकांची ताकद असते. आमच्याकडे ती नाही. हा खेळाडू निघून गेल्यावर जे उरेल, त्यावरच आमची किंमत वसूल व्हायची होती.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. पहिले तीन आठवडे निराशाजनक होते, हे स्पष्टपणे सांगायला हवे. तो टर्फवर, म्हणजे कृत्रिम हिरवळीवर, वाढलेला खेळाडू; आमचे मैदान मुरमाचे. त्याने आल्या आल्या मोठ्या मुलांना ड्रॅग फ्लिक शिकवायला घेतला. चेंडू स्टिकच्या दांड्यावर घेऊन लांब ओढत नेणे आणि शेवटच्या क्षणी मनगटाने सोडणे हे तंत्र सपाट, ओल्या टर्फवर जेवढे साधते, तेवढे खडे असलेल्या मैदानावर साधत नाही. चेंडू मध्येच उसळे, मुलांची कंबर आणि मांड्या दुखू लागत आणि लहान मुली मागे उभ्या राहून फक्त चेंडू गोळा करून आणत. चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला मी आणि सचिव त्याच्याशी बोललो. तोपर्यंत आपण वर्गणीदारांचे पैसे वाया घालवले, अशी माझीही खात्री होत आली होती.

त्याने ऐकून घेतले आणि दोन दिवसांत सरावाची मांडणीच बदलली. या करारातील खरी कमाई येथून सुरू होते. पेनल्टी कॉर्नर म्हणजे शेवटचा फटका, अशी आमच्या मुलांची समजूत होती. प्रत्यक्षात ते तीन जणांचे काम आहे. गोलच्या खांबापासून किमान १० मीटर अंतरावरून, मागच्या रेषेवरून चेंडू आत ढकलणारा पहिला, गोलसमोरच्या १४.६३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाबाहेर तो अडवणारा दुसरा. आणि फटका मारणारा तिसरा. चेंडू वर्तुळाबाहेर गेल्याशिवाय गोल करता येत नाही आणि तेवढ्या वेळात गोलरक्षकासह पाच बचावपटू अंगावर धावून येतात. मुरमाच्या मैदानावर सगळे अडते ते दुसऱ्यापाशी, कारण चेंडू थांबला नाही तर तिसऱ्याची ताकद निरुपयोगी ठरते. त्याने दोन आठवडे फटका मारणेच बंद ठेवले आणि फक्त ढकलणे व अडवणे करून घेतले. स्टिक जमिनीला आडवी टेकवून, चेंडू येताच हात किंचित मागे सोडून तो मऊ झेलायचा, हे तो प्रत्येकाकडे स्वतः गुडघ्यावर बसून तपासत असे.

त्यातून एक मुलगी पुढे आली. ती नववीत शिकते, सातपूरहून सायकलने येते आणि तोवर संघात तिची जागाही पक्की नव्हती. तिचे हात विलक्षण स्थिर आहेत, हे आम्हा कोणाच्याही लक्षात आले नव्हते. डिसेंबरच्या थंडीत, मैदानावर अजून दव असताना, ती एका सकाळी सलग साठ-सत्तर चेंडू अडवत असे आणि तो बाजूला उभा राहून प्रत्येक चुकीचे कारण सांगत असे. फटक्यासाठीही त्याने मग साधा मार्ग निवडला. पहिला फटका हिटचा, म्हणजे स्टिक फिरवून मारलेला, असेल तर चेंडू गोलरेषा ओलांडताना गोलच्या तळाशी असलेल्या ४६ सेंटीमीटर उंचीच्या फळीपेक्षा वर जाता कामा नये, असा नियम आहे. फ्लिकला ही मर्यादा नाही. आमच्या मैदानावर फ्लिक जमत नसेल, तर जमिनीलगतचा हिट आणि बाजूच्या खेळाडूकडे सरकवलेला पास या दोनच गोष्टी पक्क्या करायच्या, असे त्याने ठरवले. एका रविवारी तो चौदा मुलामुलींना ठक्कर बाजारहून पहाटेच्या बसने पिंपरीतील नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर घेऊन गेला आणि टर्फवर चेंडू किती वेगळा धावतो, ते त्यांना प्रत्यक्ष दाखवले. हा प्रवास करारात नव्हता.

आणखी एका गोष्टीसाठी मी त्याचा मनापासून ऋणी आहे. कॉर्नरवर धावून जाणाऱ्या चार बचावपटूंसाठी चेहऱ्याचे मास्क आणल्याशिवाय आपण मुलांवर जोरात फटका मारणार नाही, असे त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितले. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा आणि दगडासारखा कडक असतो. आमच्या मुली इतकी वर्षे अशा चेंडूसमोर उघड्या चेहऱ्याने धावत होत्या. काही सभासदांनी या वाढीव खर्चाबद्दल कुरकुर केली, तेव्हा पालकांनी वेगळी वर्गणी काढून मास्क आणले. हे आम्हाला आधीच सुचायला हवे होते.

उणिवा त्याच्या बाजूने होत्या, तशा आमच्या करारनाम्यातही होत्या. बुडालेल्या नऊ सत्रांपैकी पाच सत्रे तो दुसऱ्या गावच्या स्पर्धेत खेळायला गेल्यामुळे बुडाली आणि चार मांडीचा स्नायू ताणल्यामुळे. स्पर्धेला जाताना त्याने आदल्या संध्याकाळी फक्त फोन केला, याचे मला वाईट वाटले. परंतु कराराच्या काळात अन्यत्र खेळायचे नाही, असे कलमच मी लिहिले नव्हते. दुखापतीच्या दिवसांचे मानधन कापायचे की नाही, याबद्दलही करारात एक शब्द नव्हता. आम्ही ते कापले नाही आणि ते योग्यच झाले, पण तो निर्णय दुखापतीआधी लेखी हवा होता. शेवटचा हप्ता आम्ही डिसेंबरच्या मध्यावर देऊन टाकला, तो शेवटच्या सत्रानंतर द्यायला हवा होता. माझ्या मुलीला गोलरक्षणाचे वेगळे शिक्षण जवळजवळ मिळालेच नाही. त्याचे ते कौशल्य नाही आणि आम्ही तशी मागणीही केली नव्हती. रोज खऱ्या वेगाचे फटके झेलायला मिळाले, एवढाच तिचा लाभ.

तो गेल्यानंतर फेब्रुवारीत आमचा संघ आणखी एका स्पर्धेत खेळला. तीन सामन्यांत आम्हाला नऊ पेनल्टी कॉर्नर मिळाले आणि त्यांवर दोन गोल झाले. आदल्या वर्षी याच स्पर्धेत तेरा कॉर्नरवर एकच गोल झाला होता. दोन आणि एक यांतील फरक लहान आहे, आणि केवळ त्यावर एक लाखाचा खर्च समर्थनीय ठरतो, असा दावा मी खजिनदारांपुढे केला नाही. मी त्यांना वहीतील दुसरी नोंद दाखवली: नऊपैकी सात वेळा चेंडू पहिल्याच प्रयत्नात नीट थांबला होता. आदल्या वर्षी असे किती वेळा झाले, याची नोंदही आम्ही ठेवत नव्हतो. चेंडू कोठून ढकलला, कोणी अडवला आणि फटका कोठे गेला, हे लिहून ठेवण्याची सवय त्यानेच लावली. आता ती वही एक दहावीतला मुलगा सांभाळतो.

त्यामुळे माझा अभिप्राय असा आहे, की ज्या क्लबाला केवळ एक स्पर्धा जिंकायची आहे, त्याने एवढे पैसे खर्च करू नयेत. हॉकीत एका माणसाच्या बळावर सामने क्वचितच निघतात. ज्यांच्याकडे रोज येणारी वीस-पंचवीस मुले आहेत आणि खेळाडू गेल्यावर तोच सराव चालू ठेवणारा एक तरी स्थानिक माणूस आहे, त्यांनी असा करार जरूर करावा. आमच्याकडे तो माणूस म्हणजे आमचे सचिव. ते नऊ आठवडे रोज पहाटे मैदानावर हजर राहिले, म्हणूनच पुढे काही टिकले. करारात स्पर्धेतील सहभागापेक्षा सरावाच्या सत्रांना मानधनाचा मोठा वाटा जोडावा, कोणत्या वयोगटाला किती वेळ द्यायचा ते लिहावे, आणि मैदान मुरमाचे आहे की टर्फचे, हे खेळाडूला येण्याआधी दाखवावे. शेवटच्या मुद्द्याने आमचे तीन आठवडे वाचले असते.

पुढील हंगामासाठी मी कार्यकारिणीपुढे दोन टप्प्यांचा प्रस्ताव ठेवला आहे: पावसाळा संपल्यावर सहा आठवडे आणि जानेवारीत पुन्हा दोन आठवडे. या वेळी मानधन सत्रांनुसार असेल आणि उरलेल्या रकमेतून गोलरक्षकाचा संच घेतला जाईल. खजिनदारांनी अद्याप होकार दिलेला नाही. त्यांना आकडे आणखी एकदा तपासायचे आहेत. तारखा विचारण्यासाठी मी त्या खेळाडूला फोन केला, तेव्हा मानधनाविषयी बोलण्याआधी त्याने सातपूरची ती मुलगी अजून रोज येते का, असे विचारले. ती येते, असे मी सांगितले.