एल्कच्या शिकारीसाठी घेतलेली ई-बाईक, सात महिन्यांनंतर

आधीच सांगून टाकतो, मी कोलोरॅडोत राहतो आणि इथे लायसन्स, टॅग (ठरावीक जनावराचा परवाना), सीझन सगळं पाळून एल्कची, म्हणजे एका मोठ्या हरणाची, शिकार करता येते. हे लिहावं लागतं कारण पुण्याच्या मित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकल्यावर पहिला रिप्लाय "अरे आत जाशील" असाच आला. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे.

तर ई-बाईक म्हणजे सायकलच, स्कूटर नाही. एप्रिलमध्ये घेतली, ४ इंची जाड टायर, मागच्या चाकात ७५० वॉटची हब मोटर, ४८ व्होल्ट १५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ७२० वॉट-अवर, वजन ३३ किलो. कारच्या मागची जुनी सायकल रॅक या वजनाला पहिल्याच ट्रिपला वाकली, तो खर्च वेगळा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा) जळाल्यावर जो ईमेलचा खेळ चालला तो आठवला तरी डोकं फिरतं.

कंट्रोलर जळाला जुलैमध्ये, शिकारीची जागा बघायला गेलो होतो तेव्हा. साडेनऊ हजार फुटांवर लांबलचक चढ, वेग माणसाच्या चालीएवढा, आणि हब मोटरला सायकलच्या गिअरचा काही उपयोग होत नाही, ती बिचारी हळू फिरत नुसती तापत राहते. डोंगरासाठी घेणार असाल तर मिड-ड्राइव्ह घ्या, म्हणजे पॅडलपाशी मोटर असते ती. चेन लवकर झिजते, पण झिजू दे.

रेंज कागदावर ६० मैल. मला खडीच्या रस्त्यावर सामान घेऊन २४-२५ मिळाली आणि ऑक्टोबरच्या पहाटे, शून्याखाली, १६. थंडीत बॅटरी मरगळते, त्यात गोठलेली असताना चार्जिंगला लावायची नाही, खराब होते. म्हणून रात्री तंबूत ती माझ्या स्लीपिंग बॅगमध्ये झोपायची. बायकोला हे सांगितल्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.

आता मोठा पोपट. माझा प्लॅन असा होता की फॉरेस्टच्या जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यांवर गेट बंद असतं, गाडीवाले तिथे थांबतात, आपण बाजूने सायकल काढायची आणि पुढे मोकळं रान. जाहिरातींत हेच दाखवतात ना! पण फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे इथल्या सरकारी वनखात्याच्या हिशोबात ई-बाईक हे मोटर वाहन, क्लास १ (पॅडल मारलं तरच मोटर चालते ती) असली तरी. जिथे जीपला बंदी तिथे साधारण हिलाही बंदी, एखादी ट्रेल मोटरसायकलसाठी किंवा खास ई-बाईकसाठी मोकळी केली असेल तरच जायचं. त्यांचा मोटर वाहनांचा नकाशा फुकट मिळतो, पैसे भरायच्या आधी तो बघायला हवा होता, मी नंतर बघितला. आणि विल्डरनेस म्हणून घोषित भागात तर १९६४ च्या कायद्याने साधी सायकलसुद्धा नाही, पाय नाहीतर घोडा.

मग उपयोग काय? आहे, फक्त मला वाटला होता तो नाही. कार खालीच ठेवून ६ मैलांचा खडबडीत जीपचा रस्ता पहाटे अंधारात आवाज न करता चढून जाता येतो. रायफल रिकामी करून कव्हरमध्ये पाठीला, अंगावर भगभगीत केशरी जाकीट. मोटरचा आवाज जवळपास नाहीच, टायर मात्र कडक रस्त्यावर घूंऽऽ करतात, हवा कमी केली की तो आवाज कमी होतो.

पण खरी परीक्षा उतारावर झाली. माझा टॅग मादीचा होता, ती पडली रस्त्यापासून किलोमीटरभर आत, आणि रस्ता सोडून बाईक आत न्यायची नाही म्हणजे नाही. तिथेच मांस सोडवलं, मादी असल्याचा पुरावा एका तुकड्याला तसाच ठेवावा लागतो तो ठेवला, आणि पाठीवर तीन फेऱ्या मारून सगळं रस्त्याला आणलं. साधारण ६० किलो. ते दोन चाकी ट्रेलरवर बांधलं आणि निघालो खाली. पहिल्या वळणालाच कळलं की मोटरचे वॉट वगैरे सगळं चढताना, उतरताना मागून ६० किलो ढकलतंय, खाली ३३ किलोची सायकल आणि वर मी. केबलचे डिस्क ब्रेक दाबून दाबून बोटं बधिर झाली, पॅडचा जळका वास यायला लागला, शेवटचे दोन मैल चक्क उतरून चालत, सायकल धरून. दुसऱ्या आठवड्यात हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक आणि मोठे रोटर, म्हणजे ब्रेकच्या चकत्या, बसवून घेतले. दुकानदार कितीही वॉट सांगू दे, तुम्ही ब्रेक विचारा.

मांसाचं विचारणाऱ्यांसाठी: चरबी जवळपास नाही, मटणासारखं केलं तर चामडं होतं. खिमा करून काळ्या मसाल्यात भारी लागतो, वरून तेल जरा सढळ हाताने.

सीझन संपलाय, बॅटरी ६० टक्क्यांवर ठेवून घरात आणलीय, गराजमध्ये फार गारठा असतो. सध्या ती देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे, दिवाळीत आलेल्या आईने उदबत्तीचा पुडा असेल म्हणून तो कप्पा उघडला होता.