ऑ पेअर की नॅनी: ठरवण्याआधी दोन्ही बाजू

दोघांच्याही नोकऱ्या, मुलं लहान, आजी-आजोबा लांब. अशा घरात रात्री जेवणं उरकल्यावर कागदावर जी आकडेमोड चालते ती मला चांगलीच ओळखीची आहे. एका रकान्यात नॅनीचा तासाचा दर, दुसऱ्या रकान्यात ऑ पेअरचा, म्हणजे परदेशातून येऊन आपल्याच घरी राहणाऱ्या आणि मुलं सांभाळणाऱ्या तरुण मुलीचा, हातखर्च. हातखर्चाचा आकडा इतका लहान दिसतो की निर्णय झालाच असं वाटतं. आमच्याकडे आधी दीड वर्ष नॅनी होती, नंतर वर्षभर दुसऱ्या देशातून आलेली ऑ पेअर. दोन्ही जवळून पाहिल्यावर कळलं, की त्या दोन रकान्यांत आपण एकाच गोष्टीचे दोन दर मांडत नसतो. नॅनीकडून आपण तिचे कामाचे तास घेतो. ऑ पेअर आली की घरात एक माणूस वाढतं.

‘ऑ पेअर’ या फ्रेंच शब्दांचा अर्थच मुळी ‘बरोबरीने’ असा आहे. युरोप परिषदेने १९६९ साली स्ट्रासबर्गमध्ये या व्यवस्थेसाठी करार केला. त्यात ऑ पेअरला विद्यार्थी आणि कामगार या दोहोंच्या मधली जागा दिली: राहणं-जेवण आणि हातखर्च कुटुंबाने द्यायचा, तिने घरात हातभार लावायचा, साधारणपणे दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि भाषेच्या वर्गाला जायला तिला वेळ मिळालाच पाहिजे. पुढे प्रत्येक देशाने आपापले नियम केले, पण गाभा हाच राहिला. (मी ‘ती’ म्हणतेय, मुलगेही येतात आणि उत्तम सांभाळतात.)

तासांपासून सुरुवात करू, कारण बहुतेक घरांचं उत्तर इथेच मिळतं. जर्मनीत ऑ पेअरकडून दिवसाला सहा आणि आठवड्याला तीस तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. अमेरिकेत मर्यादा दिवसाला दहा आणि आठवड्याला पंचेचाळीस तासांची आहे. म्हणजे आई-वडील दोघंही सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बाहेर असतील आणि मूल दिवसभर घरी असेल, तर तीस तासांत आठवडा बसणारच नाही. तिथे नॅनी किंवा पाळणाघर. उलट मुलं शाळेत जाणारी असतील तर गरज असते सकाळी दोन तास आणि दुपारनंतर तीन-चार तास. अशा तुटक वेळांना येणारी नॅनी मिळणं फार कठीण, कारण मधल्या वेळात तिने काय करायचं? ऑ पेअरला मात्र हीच वेळ सोयीची, दुपारी ती वर्गाला जाऊ शकते.

बाळ अगदी तान्हं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: अनुभवी नॅनी बघा. ऑ पेअर बहुधा विशी-पंचविशीतली असते आणि अनेकदा पहिल्यांदाच घरापासून दूर राहत असते. अमेरिकेच्या नियमांतही तीन महिन्यांच्या आतल्या बाळाजवळ ऑ पेअरला एकटं ठेवता येत नाही, आणि मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर इतकी लहान मुलं सांभाळल्याचा किमान दोनशे तासांचा अनुभव तिच्याकडे लागतो.

पैशांबद्दल थोडक्यात. हातखर्चात एजन्सीचं शुल्क, विमा, जेवणखाण, भाषावर्गाचा वाटा आणि अडकून राहिलेली एक खोली हे सगळं मिळवा. एकच मूल असेल तर फरक बराच आटतो. तीन मुलं असतील तर ऑ पेअर स्वस्त पडते, कारण मुलांच्या संख्येने हातखर्च वाढत नाही.

आता खरा फरक: एकत्र राहणं.

नॅनी संध्याकाळी दार ओढून निघून गेली की घर पुन्हा आपलं. नवराबायकोला भांडायचं असेल तर भांडता येतं. ऑ पेअर भिंतीपलीकडे असते, आणि तिलाही आपला आवाज ऐकू येतो. तिच्या देशात दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र, म्हणून तिचे आईशी फोन अवेळी चालतात. पहिले दोन आठवडे सगळेच गोड वागतात. दुसऱ्या महिन्यात घरची आठवण दाटून येते. आमची मुलगी (हो, आम्ही तिला तेच म्हणायला लागलो होतो) तेव्हा काम संपलं की खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. मला वाटलं, तिला आम्ही आवडत नाही. तिला वाटत होतं, कुटुंबाला निवांतपणा द्यावा. दोघीही एकमेकींचा मान राखायला गेलो आणि तीन आठवडे अबोल्यात गेले.

दुसरी गोष्ट तिच्या ‘हो’ची. मी काही सांगितलं की ती ‘हो’ म्हणायची आणि काम वेगळंच व्हायचं. ती ज्या घरात वाढली तिथे मोठ्यांना ‘समजलं नाही’ म्हणणं उद्धट मानत. तिच्या त्या ‘हो’चा अर्थ ‘तुमचं बोलणं ऐकलं’ एवढाच होता. नॅनीच्या बाबतीत असं कमी होतं. ती व्यवसाय म्हणून हे करते, स्वतःच्या पद्धती घेऊन येते, पटलं नाही तर सांगते. ऑ पेअरला सगळं बोलून दाखवावं लागतं: मूल रडलं तर लगेच उचलायचं की थोडं थांबायचं, ताटातलं संपवायला लावायचं का, ओरडायचं का, हात उगारणं कधीच चालणार नाही. यातलं काहीही ‘उघडच आहे’ असं धरू नका. तिच्याही घरी काहीतरी उघडच असतं.

भाषेच्या आशेने ऑ पेअर आणणाऱ्यांना एक सांगते. ती तुमच्या मुलांना तिची भाषा शिकवायला येत नाही, तुमच्याकडची शिकायला येते. मुलं गाणी, शिव्या आणि लाडाची नावं उचलतात, त्याहून जास्त धरून चालू नका. जर्मनीत राहणाऱ्या परदेशी कुटुंबांनी आणखी एक नियम लक्षात ठेवावा: घरात जर्मन बोलली जात असली तरी ती मातृभाषा नसेल, तर यजमान पालकांच्याच मूळ देशातून ऑ पेअर आणता येत नाही. आपल्याच भाषेची मुलगी बोलवावी, हा बेत तिथे चालत नाही.

बिनसलं तर? नॅनीला नोटीस देता येते आणि पुढची शोधायची. ऑ पेअरचं बिनसलं तर नवं कुटुंब मिळेपर्यंत ती बहुधा त्याच खोलीत, त्याच जेवणाच्या टेबलावर असते, आणि तिचा व्हिसाही या व्यवस्थेवरच टिकलेला असतो. त्यामुळे तिच्यावर जास्त ताण असतो, हे यजमानांनी विसरू नये. कामाचे तास, सुट्टीचा दिवस, रात्री किती वाजता यायचं, पाहुणे चालतील का, हे सगळं ती येण्याआधी लेखी ठरवा.

आणि निरोप. जर्मनीत मुक्काम जास्तीत जास्त वर्षभराचा, अमेरिकेत तो वाढवता येतो, पण जायचं असतंच. चांगली नॅनी चार-पाच वर्षंही राहू शकते. ज्या मुलांना बदल जड जातात त्यांच्यासाठी मी हा मुद्दा पैशांच्या वर ठेवीन. आमचा धाकटा ती गेल्यावर महिनाभर तिच्या खोलीच्या दाराशी खेळणी नेऊन ठेवायचा.

तरीही पुन्हा ठरवायचं झालं, तर शाळकरी मुलं आणि मोकळी खोली असताना मी ऑ पेअरच निवडेन. तुम्ही एजन्सीला फोन करण्याआधी एक करा: पुढच्या आठवड्याचे सात दिवस कागदावर मांडा, मुलांजवळ कोणीतरी हवंच असे तास रंगवा आणि बेरीज करा. मग त्याच कागदावर, वेगळ्या रंगाने, ज्या संध्याकाळी तिसरं मोठं माणूस जेवायला बसलेलं तुम्हाला मनापासून आवडेल त्यांवर खुणा करा.