ऐरोलीची फ्लेमिंगो फेरी: आधी तिथी बघा, मग बुकिंग करा

नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत जाणारी बोटफेरी नोव्हेंबर ते मे या हंगामात जरूर करावी. पण तिची सगळी मदार भरतीवर आहे. बोटीला पाणी लागतं, पक्ष्याला चिखल. पूर्ण ओहोटीला रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, उघड्या चिखलावर पांगून चरतात, तेव्हा बोट त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पूर्ण भरतीला बोट कुठंही जाते, पण चिखल बुडालेला आणि थवे निघून गेलेले असतात. पाणी चढत असतानाचे मधले दीड-दोन तास सगळ्यात चांगले. उघडा पट्टा अरुंद होत जातो, तसा थवा दाटत जातो.

फेरीची वेळ केंद्र भरतीनुसार ठरवतं. दिवस निवडणं आपल्या हातात. त्यासाठी कोळ्यांचा हिशेब पुरेसा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पंधरवड्यांत तसंच. खाडीच्या आत पाणी मुंबई बंदरापेक्षा थोडं उशिरा चढतं. सकाळी चढतं पाणी हवं असेल तर त्रयोदशीपासून प्रतिपदेपर्यंतचे दिवस धरा. उधाण असल्यामुळे पाणीही भरपूर असतं. केंद्र सोमवारी बंद असतं आणि हंगामातले शनिवार-रविवार लवकर भरतात, तेव्हा नोंदणी आधीच करा.

थव्यात दोन जाती मिसळलेल्या असतात. धाकटा रोहित बुटका, गडद गुलाबी, चोच काळपट लाल. मोठा रोहित उंच, फिकट, चोच गुलाबी आणि टोक काळं. चोच उलटी करून दोघंही चिखलपाणी गाळतात, पण धाकट्याच्या चोचीतली गाळणी फार बारीक असते, त्यामुळे तो सूक्ष्म शेवाळावर जगतो. मोठा कोळंबीसारखे जीव, अळ्या, शिंपले वेचतो. एकाच चिखलात दोघांची पंगत भांडणाविना चालते ती यामुळे. जैवविविधतेचा हा धडा दुर्बिणीतून पाच मिनिटं एकाच पक्ष्याकडे बघितलं तरी कळतो.

बोटीतून उतरताना एक गैरसमज मात्र घरी नेऊ नये: थवा मोठा म्हणजे खाडी ठणठणीत. सांडपाण्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवर शेवाळ माजतं आणि धाकट्या रोहिताला आयतं खाद्य मिळतं. त्याच पाण्यातला प्राणवायू घटला की मासे आणि चिखलातले जीव मरतात. एका जातीची संख्या वेगळी आणि जातींची विविधता वेगळी.

म्हणून तिवरांमधली, म्हणजे खारफुटीतली, पायवाट घाईत उरकू नका. गुलाबी थवा बघितल्यावर लोक तिथून सरळ चालत सुटतात, याचं वाईट वाटतं. 2015 साली जाहीर झालेल्या ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या सुमारे 1690 हेक्टरांपैकी 896 हेक्टर कांदळवनच आहे. तिवराच्या पानावर मिठाचे कण दिसतात, कारण झाड जादा मीठ पानांतून बाहेर टाकतं. चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी मुळं श्वासासाठी असतात. त्यांच्यावर राडारोडा पडला की झाड गुदमरून वाळतं, कुऱ्हाड लावावी लागत नाही. चिखलावर उड्या मारणारे निवटी मासे आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे बघायचे तर ओहोटीला या, आणि दोन मिनिटं पुतळ्यासारखे उभे राहा.

भरतीला उडालेले थवे नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर विसावतात. खाडी 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झाली, राज्यातलं तिसरं. पण चरायची जागा राखली आणि विसाव्याची बुजवली, तर पक्ष्याला भरतीचे तास काढायला जागाच उरत नाही. नेरुळच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याचे मार्ग मोकळे ठेवा, अशी मागणी होते ती याचसाठी. बोटफेरीला जोडून तिथेही जाऊन या, तेही भरतीच्या वेळेला.

दुर्बीण 8x42 न्या. हलत्या बोटीत 10x चं चित्र थरथरतं. कॅमेऱ्याला 300-400 मिमीची लेन्स, शटर 1/1600 च्या वर. टोपी, पाणी, मळकट रंगाचे कपडे. चरणाऱ्या पक्ष्यांनी माना ताठ केल्या की बोट फार जवळ आली असं समजा आणि तिथेच थांबवायला सांगा. थवा उडाला की फोटो छान येतो, पण कच्छच्या रणाकडे परतण्यासाठी साठवलेली चरबी त्यात खर्ची पडते.