फायबरचं घरपोच संमतीपत्र: सेवा चोख, कागद कच्चा

नाशिकच्या दिंडोरी, निफाड, सिन्नर भागात खासगी शेतातून ऑप्टिकल फायबर न्यायची असली की दूरसंचार कंपनीच्या ठेकेदाराचा माणूस संमतीपत्र घेऊन बांधावरच येतो. सातबारा आणि आठ-अ (खाते उतारा) त्यानेच काढलेले, स्टॅम्प आणलेला, नोटरीही ठरलेली. नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ जाऊन स्टॅम्पवाल्याच्या रांगेत उभं राहणं वाचतं. सेवा म्हणून पाचपैकी चार तारे. कागदाला दोनच. त्यात रक्कम अक्षरी आणि अंकी दोन्ही असते, पण लाइन नेमकी कुठून आणि किती खोल जाणार याचा पत्ता नसतो.

‘गट नंबर अमुकमधून लाइन टाकण्यास हरकत नाही’ एवढ्या ओळीवर अख्खा गट मोकळा होतो. मोजणी नकाशाच्या प्रतीवर लाल रेघ मारून घ्या, बांधापासूनचं अंतर मीटरमध्ये लिहा आणि त्या प्रतीवरही दोघांच्या सह्या घ्या. खोलीचंही तसंच. साधारण पद्धत १.६५ मीटरची, म्हणजे साडेपाच फुटांच्या आसपास, आणि त्यात ४०/३३ मिमीचा एचडीपीई डक्ट (केबलसाठीची प्लास्टिकची नळी, बाहेरून ४० आणि आतून ३३ मिमी). आपल्याकडे कातळ वर असतो, तिथे ठेकेदार दोन-तीन फुटांवर थांबतो. थांबायला हरकत नाही, पण तेवढ्या तुकड्यात जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप किंवा काँक्रीटचं वेष्टन हवं आणि तो तुकडा नकाशावर दिसायला हवा. नाहीतर पुढे सबसॉयलर (जमीन खोलवर फोडणारं अवजार) लावला की केबल तुटते आणि बिल शेतकऱ्याकडे येतं. ‘नांगर, रोटाव्हेटर, सबसॉयलरच्या नेहमीच्या मशागतीने नुकसान झाल्यास जबाबदारी कंपनीची’ ही ओळ घालायला लावा. बोअर किंवा शेततळ्याचं काम काढण्याआधी ‘कॉल बिफोर यू डिग’ या खोदण्याआधी कळवण्याच्या सरकारी ॲपवर सूचना देऊन ठेवावी, म्हणजे आपल्या बाजूने पुरावा राहतो.

आता नुकसानभरपाई. छापील नमुना चराची रुंदी धरतो. दीड फुटाचा चर, १०० मीटर लांबी, म्हणजे जेमतेम ४५ चौरस मीटर, अर्धा गुंठाही नाही. पण जेसीबीची वाट आणि मातीचा ढीग धरला तर चार मीटरचा पट्टा सहज जातो: ४०० चौरस मीटर, सुमारे चार गुंठे. भरपाई या पट्ट्यावर मागायची. द्राक्षबागेत तर नऊ फुटांवरच्या दोन ओळींमध्ये यंत्र घालणं म्हणजे वेलीचे ओलांडे (तारांवर पसरवलेले मुख्य फाटे), तारा आणि ठिबकच्या नळ्या सगळ्यांवर पाणी सोडणं. तिथे दोन्ही टोकांना खड्डे घेऊन आडवं बोरिंगच करायला सांगा. महाग पडतं, ठेकेदार कुरकुरतो, कुरकुरू द्या. चरच घ्यायचा असेल तर माल उतरल्यावर आणि एप्रिलच्या खरड छाटणीआधी. ऑक्टोबरच्या गोड (फळासाठीच्या) छाटणीनंतर बागेत यंत्र नको.

काळी माती आणि खालचा मुरूम वेगळे ढीग करून ठेवले नाहीत तर भरताना मुरूम वर येतो आणि तो पट्टा कित्येक हंगाम पिकत नाही. माती फुटा-फुटाच्या थरांनी दाबून भरायची. तरी काळ्या रानात पहिल्या पावसानंतर चर खचतोच, म्हणून रकमेचा काही भाग पावसाळ्यानंतरच्या फेरभरणीपर्यंत राखून ठेवा. तुटलेली पाइपलाइन जोडून पाणी सोडून दाखवल्याशिवाय चर बुजवू देऊ नका.

दराची बोलणी करताना दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. पहिली, ‘टॉवरला दोनशे टक्के मिळतात.’ ते ऊर्जा मंत्रालयाच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमधलं, विजेच्या पारेषण वाहिन्यांसाठी: टॉवरच्या पायाला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के, तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के. फायबरला तो दर लागू नाही. दुसरी, ‘सही नाही दिली तरी लाइन जाणारच.’ हे अर्धसत्य. दूरसंचार अधिनियम २०२३ च्या कलम १२ प्रमाणे खासगी जागेचा मोबदला दोघांनी आपसात ठरवायचा. मालकाने नकार दिला तर सार्वजनिक हिताचं कारण ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे, ठेकेदाराच्या सुपरवायझरचा नाही. मार्गाधिकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून लाइन नेण्याच्या हक्काचे, नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. जुन्या १८८५ च्या तार कायद्याचा हवाला देणारा नमुना समोर आला तर तो परत पाठवा.

खातं सामायिक असेल तर एका भावाच्या सहीवर काम उरकण्याकडे कल असतो. आठ-अ वरच्या सगळ्या खातेदारांच्या सह्या आणि हिश्श्याप्रमाणे वेगवेगळ्या खात्यांत पैसे, यात तडजोड नको. स्टॅम्प १०० चा असेल तर तोही बदलायला सांगा; ऑक्टोबर २०२४ पासून अशा कागदांना ५०० रुपयांचा लागतो. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. कायमचा वापरहक्क द्यायचा असेल तर दुय्यम निबंधकाकडे जावंच लागेल, आणि घरपोच सेवेत ते कधीच नसतं.

सर्वांत धोक्याचं वाक्य शेवटच्या परिच्छेदात, बारीक टाइपात: ‘सदर मार्गावर भविष्यात लागणाऱ्या सर्व वाहिन्यांसाठी ही संमती ग्राह्य राहील.’ हे खोडून ‘एक डक्ट, एक केबल, वाढीव कामाला नवी संमती’ असं लिहून घ्या. सोबत हलवण्याची अटही हवी: पुढे घर, गोठा किंवा शेड बांधताना लाइन सरकवायची वेळ आली तर किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने. जागा बिनशेती करण्याचा विचार असेल त्यांनी या अटीशिवाय पेन उघडू नये. खाडाखोडीच्या प्रत्येक जागी दोन्ही बाजूंच्या सह्या लागतात, आणि सह्या झालेली मूळ प्रत त्याच दिवशी हातात पडली पाहिजे. ठेकेदार झेरॉक्स नंतर पाठवतो म्हणतो, ती येत नाही.