एनडीए की ॲफकॅट: विमान चालवायचंच असेल तर

ताईचं घर विश्रांतवाडीत. लोहगावच्या तळावरून सुखोई उडालं की स्वयंपाकघरातली भांडी थरथरतात आणि माझा भाचा हातातलं काम टाकून गच्चीत पळतो. तो यंदा बारावीला आहे. "मामा, एनडीएचा अर्ज भरू, की आधी डिग्री करून ॲफकॅट देऊ?" असं त्यानं दिवाळीत विचारलं. एनडीए म्हणजे बारावीनंतरची, तिन्ही दलांसाठीची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, आणि ॲफकॅट म्हणजे पदवीनंतरची हवाई दलाची प्रवेश परीक्षा. घरात या दोन्ही वाटा चाललेला मी एकटाच. एनडीएची परीक्षा मी सतराव्या वर्षी दिली, ॲफकॅट बाविसाव्या. ॲफकॅटमधून २०१४ साली तांत्रिक शाखेत कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं आणि दहा वर्षं गणवेशात काढून २०२४ मध्ये बाहेर पडलो. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर मांडतो. वयाच्या अटी, पेपरांचे गुण, पगार हे सगळं जाहिरातीत स्पष्ट दिलेलं असतं, त्यात फारसा शिरत नाही.

एनडीएबद्दल माझ्या मनात आदरच आहे. खडकवासल्याची तीन वर्षं माणसाला जी सोबत देतात, ती पुढे कुठेच मिळत नाही. आमच्या तळावर एनडीएतून आलेला अधिकारी अडचणीत सापडला, की त्याचा एनडीएच्या स्क्वाड्रनमधला, म्हणजे तुकडीतला, एखादा मित्र भूदलात, एखादा नौदलात हमखास असायचा आणि एका फोनवर काम व्हायचं. आम्हा पदवीनंतर आलेल्यांची ओळख हवाई दलापुरती राहिली. शिवाय खर्च. एनडीएत शिक्षण, राहणं, जेवण सगळं सरकार करतं आणि पदवीही हातात पडते. माझ्या इंजिनीअरिंगसाठी वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढलं होतं. त्याचे हप्ते मी फ्लाइंग ऑफिसर या सुरुवातीच्या हुद्द्यावर असताना फेडले.

आणि मुख्य म्हणजे कायम कमिशन. ॲफकॅटमधून फ्लाइंग शाखेत जाणाऱ्याला शॉर्ट सर्व्हिस मिळते, म्हणजे चौदा वर्षं. त्यानंतर निवृत्तिवेतन नाही. छत्तिशी-सदतिशीत घर, मुलांची शाळा आणि नवी नोकरी असं सगळं एकदम अंगावर येतं. मी चौतिसाव्या वर्षी बाहेर पडलो. डिग्री तांत्रिक होती म्हणून निभावलं, तरी पहिले सात-आठ महिने सोपे नव्हते. ज्याच्या घरची सगळी भिस्त त्याच्यावर आहे, त्यानं हा मुद्दा हलका समजू नये.

मुलींनाही आता ही वाट मोकळी आहे. एनडीएतून पहिल्या १७ मुली मे २०२५ मध्ये बाहेर पडल्या. आपल्याकडे मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था १९७७ पासून आहे, मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला झाली आहे. अकरावी-बारावीची दोन वर्षं तिथं मिळाली तर एनडीएची तयारी फार चांगली होते. ग्रामीण भागातल्या, मराठी माध्यमातल्या मुलांसाठी तर मी याहून चांगली सोय पाहिलेली नाही.

आता ॲफकॅट. लेखी परीक्षा मला तुलनेनं सोपी गेली. एनडीएचा गणिताचा स्वतंत्र पेपर ३०० गुणांचा, अकरावी-बारावीचा सगळा अभ्यास त्यात. ॲफकॅटचं गणित बरंचसं शाळेतलं. तिथं कस लागतो वेगाचा आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात त्याचा. पण खरा फरक मला जाणवला तो मुलाखतीच्या, म्हणजे एसएसबीच्या, पाच दिवसांत. सतराव्या वर्षी 'घरातला एखादा निर्णय तू घेतलास का?' या प्रश्नावर मी गडबडलो होतो. बाविसाव्या वर्षी सांगायला हॉस्टेलची मेस होती, अडकलेलं प्रोजेक्ट होतं, वडिलांचं आजारपण होतं.

आणखी एक. एनडीएत तिन्ही दलांची गुणवत्ता यादी एकत्र लागते. अलीकडच्या जाहिरातींत हवाई दलाच्या १२० जागा असतात, त्यातल्या फ्लाइंगच्या ९२. विमानाचं स्वप्न घेऊन गेलेला मुलगा निवडला जातो, पण भूदलात. तोही मोठा सन्मान आहे, यात शंका नाही. पण ज्याला फक्त आकाशच दिसतंय त्यानं हे आधीच मनाशी धरून ठेवावं. ॲफकॅटचा अर्ज फक्त हवाई दलाचा.

इथपर्यंत कुणी म्हणेल, पारडं एनडीएकडेच झुकतंय. मलाही सोळाव्या वर्षी तसंच वाटलं होतं. माझं मत बदललं ते एका चाचणीमुळे.

फ्लाइंग शाखेसाठी वैमानिक कल चाचणी द्यावी लागते. आमच्या वेळी तिला पीएबीटी म्हणत, आता ती संगणकावर होते आणि तिला सीपीएसएस म्हणतात. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. एनडीएतून द्या, सीडीएस या पदवीनंतरच्या दुसऱ्या परीक्षेतून द्या, ॲफकॅटमधून द्या, एकदा नापास झालात की फ्लाइंग शाखा कायमची बंद. पुढे कोणत्याही वाटेनं आलात तरी.

मी ती सतराव्या वर्षी दिली. एसएसबीत शिफारस झाली होती, घरी फोन करून आईला सांगितलंही होतं. मग चाचणी. आधी होकायंत्र, उंचीमापक अशा उपकरणांची चित्रं पाहून विमानाची स्थिती ओळखायची, ते जमलं. पुढे यंत्रावर बसवलं. पडद्यावरचा सरकता ठिपका हातातल्या दांड्यानं आणि पायाखालच्या पॅडलनी चौकटीत धरून ठेवायचा, मध्येच दिवे लागतात, आवाज येतो, त्यांनाही उत्तर द्यायचं. मग एक फिरतं पिंप, त्यावरचे ठिपके चाक वळवून गाठायचे. तोवर मी सायकलखेरीज काहीही चालवलं नव्हतं. पाय डावीकडे दाबला की हातही आपोआप डावीकडेच जाई. हातापायांची ती फारकत लक्षात यायला लागली आणि वेळ संपली. त्याच दिवशी निकाल कळला. पसंतीत मी फक्त हवाई दल लिहिलं होतं, त्यामुळे रेल्वेनं परत येताना हातात काहीच नव्हतं.

नियमामागचं कारण मला पटतं. चाचणी अंगभूत कल मोजते, वारंवार सराव करून दिली तर तिला अर्थ उरणार नाही. पण पुढच्या चार वर्षांत मी मोटारसायकल शिकलो, मामाची जीप घाटात चालवली, वर्कशॉपमध्ये लेथवर तासन् तास काढले. हातपाय वेगवेगळं ऐकायला लागले. बाविसाव्या वर्षी ॲफकॅटचा अर्ज भरायला बसलो तेव्हा फ्लाइंग शाखा माझ्यासाठी उरलेलीच नव्हती. कदाचित दुसऱ्यांदाही नापास झालो असतो. पण दहा वर्षं मी ज्या विमानांची देखभाल केली, त्यांच्या कॉकपिटमध्ये तपासणीसाठी बसताना दर वेळी ती यंत्रावरची मिनिटं आठवायची.

माझ्या ओळखीतले सहा-सात जण एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी ही चाचणी देऊन फ्लाइंगमध्ये गेले. त्यातल्या बहुतेकांना तोवर चारचाकी येत होती, एक जण कॉलेजात तबला वाजवायचा. एवढ्यावरून नियम काढता येत नाही, आणि सतराव्या वर्षी सहज पास झालेली मुलंही मी पाहिली आहेत. ज्याचा हात उपजतच बसलेला आहे, त्यानं थांबायचं कारण नाही.

थांबण्यालाही किंमत आहे, हे मी भाच्याला सांगितलं. फ्लाइंगसाठी डोळ्यांचे निकष सगळ्यात कडक. चार वर्षांत चष्म्याचा नंबर वाढला तर तेही दार मिटू शकतं. फ्लाइंगची वयोमर्यादा २४ आहे, म्हणजे पदवी रखडली की संधी आटल्या. मात्र शेवटच्या वर्षाला असताना, विषय मागे राहिले नसतील तर अर्ज करता येतो. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवंच, दोन्हींत किमान ५० टक्के. केवळ मेडिकलचा विचार करून गणित सोडलेली हुशार मुलं मला दर वर्षी भेटतात, आणि त्यांना हे सांगताना वाईट वाटतं. उंची १६२.५ सेंटिमीटर आणि पायाची लांबी ९९ ते १२० च्या दरम्यान, हे तर घरीच भिंतीला टेकून मोजता येतं. दोन्ही वाटांसाठी ते आधी मोजावं. रंगांधळेपणाही आधीच तपासून घ्यावा.

ज्यांना पदवीही हवी आणि कायम कमिशनही, त्यांच्यासाठी सीडीएस आहे. हवाई दलाच्या जागा फक्त ३२ आणि स्पर्धा तीव्र, म्हणून मी तिच्यावर एकटीवर विसंबून राहायला सांगणार नाही. ॲफकॅटबरोबर तीही द्यावी, वयोमर्यादा तीच आहे.

ज्याला गणवेश हवा आहे, दल कोणतंही चालेल, त्यानं बिनधास्त एनडीए द्यावी आणि लवकरात लवकर द्यावी. घरची ओढाताण असेल तरीही तेच. पण ज्याला विमानच चालवायचं आहे, त्यानं ती एकमेव चाचणी अजाण वयात खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा, एवढंच माझं म्हणणं. माझा हात आज अर्जावर असता, तर मी पदवीची वाट धरली असती.

भाच्यानं यंदा एनडीएचा अर्ज भरला नाही. ताईला ते अजून पटलेलं नाही. सरकारी खर्चाची तीन वर्षं आणि कायम नोकरी तो सोडतोय, असं तिचं म्हणणं, आणि हिशेबात ती चुकत नाही. इंजिनीअरिंगसाठी तो जी कॉलेजं पाहतोय, त्यात एनसीसीची एअर विंग कुठे आहे याची चौकशी मी करतोय, कारण तिथलं 'सी' प्रमाणपत्र मिळालं तर ॲफकॅटची लेखी परीक्षा न देता थेट मुलाखतीला जाता येतं. मार्चमध्ये त्याला अठरा पूर्ण होतील. परीक्षा संपल्या की आधी चारचाकी शिकायची, असं आमचं ठरलंय.