वरचा भाग सुटणारा कॅरियर: आठ महिने, पाच फेऱ्या

आमची मांजर ठमी अकरा वर्षांची आहे. तिच्या किडनीचं दुखणं निघाल्यापासून दवाखाना टळत नाही. आधी तिला न्यायला आमच्याकडे कापडी पिशवी होती. ठमी आत बसली की तिचं छत पाठीवर यायचं आणि बाहेर काढताना नखं जाळीत अडकायची. एकदा नख तुटून रक्त आलं, तेव्हा ती पिशवी कायमची बंद केली.

मग कडक प्लास्टिकचा कॅरियर घेतला. पुढे दार, वर झाकण, आणि बाजूच्या खिट्ट्या काढल्या की वरचा अर्धा भाग अख्खा सुटतो. घ्यायचा तर या सोयीसाठीच घ्या. डॉक्टर वरचा भाग बाजूला ठेवतात. ठमी खालच्या भागात माझ्या जुन्या शालीवर बसून राहते आणि छाती तपासणं, पोट चाचपणं सगळं तिथेच होतं. मागच्या वेळी रक्त घेताना तिने माझ्या कोपरात तोंड खुपसलं, बस्स. एकदाही फिस्कारली नाही.

पण नुसता कॅरियर आणून हे जमलं नाही. आधी तो दार काढून तिच्या खिडकीखाली ठेवून दिला. खाऊ पहिल्यांदा दारापाशी, मग कडेवर, मग आत. ढकललं एकदाही नाही. तीन आठवड्यांनी एका दुपारी ती आपणहून आत जाऊन झोपली. आता येता-जाता कडेला गाल घासते. मांजरांच्या गालात गंधग्रंथी असतात, त्यामुळे त्या प्लास्टिकला आता तिचाच वास आहे. म्हणून शाल मी धुत नाही, अगदीच घाण झाली तरच.

तरीही पहिल्या दोन फेऱ्यांत ती गाडीत जीव तोडून ओरडली. डॉक्टरांनी गॅबापेंटिन हे भीती कमी करणारं औषध लिहून दिलं, निघण्याच्या दोन तास आधी द्यायला. किडनी अधू असल्यामुळे मात्रा मुद्दाम कमी ठेवली. हे औषध मनाने कुणी देऊ नये, माणसांचं तर नाहीच.

गाडीत कॅरियर पुढच्या सीटच्या मागे, खाली ठेवते. तिथे तो सरकत नाही. वरून टॉवेल. दवाखान्यात मात्र जमिनीवर ठेवत नाही, कुत्री नाक लावतात. खुर्चीवर, तोंड माझ्याकडे.

तक्रार दोन गोष्टींची. मुठीने उचलला की डबा झुलतो आणि आत ठमी घसरते, म्हणून मी तो दोन्ही हातांनी खालून धरते. आणि सहाव्या महिन्यात एक खिट्टी सैल झाली. निघण्याआधी प्रत्येक खिट्टी दाबून बघते.

घरी आल्यावर आमचा बोका तिच्यावर गुरगुरतो, कारण तिच्या अंगाला दवाखान्याचा वास असतो. दोन-तीन तास वेगळ्या खोलीत ठेवते. कॅरियरही तिथेच, दार उघडं. बहुतेक वेळा ती आतच झोपून जाते.